खुलासा : हस्तिदंती भिकाऱ्यांबद्दल

लाकूड-हस्तिदंतातल्या भिकाऱ्यांच्या मूर्तींचा फोटो ‘उपाशी भिकाऱ्याने कोरलेलं स्वतःचं दुःख’ म्हणून फिरतोय. परवा मीही तो पाठवला होता. ते चूक आहे.

या मूर्ती सिमोन ट्रोगर (१६८३–१७६८) या शिल्पकाराच्या घडणीच्या. जन्म टिरोलचा (आल्प्समधला ऑस्ट्रियन प्रांत), काम जर्मनीतल्या म्युनिकजवळ. बव्हेरियाचा (म्युनिक ज्यात येतं त्या राज्याचा) शासक, म्हणजे सम्राट निवडण्याचा हक्क असलेला ‘इलेक्टर’, मॅक्सिमिलियन तिसरा त्याचा आश्रयदाता. उघडं अंग हस्तिदंताचं, लक्तरं तपकिरी लाकडाची, डोळे काचेचे, ही त्याची ओळखीची पद्धत. फोटो मोठा करून पाहा : फाटक्या कापडातून डोकावणारा गुडघा म्हणजे दोन पदार्थांचा सांधा.

म्हणजे हे दारिद्र्य श्रीमंतांच्या दालनांसाठी, महागड्या हस्तिदंतात कोरलेलं. मला हेच जास्त अस्वस्थ करतं.

जुना मजकूर कृपया पुढे पाठवू नका. ज्यांना पाठवलाय त्यांना हा खुलासा द्या.