खाल्ल्या मिठाचा हिशोब

३० नोव्हेंबर २०२५ चा रविवार. मिसिसिपी राज्यातल्या ऑक्सफर्ड या आमच्या गावात शेजारच्या घरातला मुलगा अंगणात उभा राहून मोबाइलवर विमानांचा नकाशा पाहत होता. तो इथल्या विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला आहे आणि विद्यापीठाच्या बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवतो. नकाशावरचे एक इवलेसे विमान गावाच्या धावपट्टीकडे सरकत होते. त्याच्यावर बोट ठेवून तो मला म्हणाला, ‘‘हे त्यांना न्यायला आले आहे.’’ एवढे बोलून त्याने फोन खिशात टाकला आणि पुढच्याच क्षणी पुन्हा बाहेर काढला.

‘त्यांना’ म्हणजे लेन किफिन यांना. ‘ओल मिस’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मिसिसिपी विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचे ते सहा हंगाम मुख्य प्रशिक्षक होते. त्या दुपारी त्यांनी शेजारच्या लुइझियाना राज्यातल्या एलएसयू या विद्यापीठाकडे जात असल्याचे जाहीर केले. सात वर्षांचा करार, वर्षाला सुमारे १ कोटी ३० लाख डॉलर. ओल मिसने बारापैकी अकरा सामने जिंकले होते आणि राष्ट्रीय विजेतेपदाच्या बाद फेरीतला पहिलावहिला प्रवेश जवळजवळ हाताशी आला होता. तेवढी फेरी संपेपर्यंत संघासोबत राहू द्यावे, ही त्यांची विनंती विद्यापीठाने नाकारली. विमानतळाच्या कुंपणापाशी जमलेल्या लोकांनी त्यांना शिव्या देत निरोप दिला.

महाराष्ट्रातल्या वाचकाला कॉलेजच्या खेळावरून उसळलेला हा संताप समजायला जड जाईल. आमच्या गावाची वस्ती पंचवीस-सव्वीस हजारांची, तर स्टेडियम चौसष्ट हजारांचे. सामन्याच्या दिवशी विद्यापीठाच्या आवारातल्या ‘ग्रोव्ह’ नावाच्या दहा एकरांच्या झाडीत तंबूंना तंबू लागलेले असतात, तीन-तीन पिढ्या एकत्र जेवतात आणि सामन्यापूर्वी सगळा संघ प्रशिक्षकांसह त्या गर्दीतून चालत मैदानाकडे जातो. लोक हात पुढे करतात, खेळाडू ते हात हातात घेत पुढे सरकतात. गेली अनेक वर्षे मी हे पाहतो आहे. ज्या माणसाचा हात आपण दर शनिवारी हातात घेतला, तो शत्रूच्या तंबूत गेला ही वेदना खरी आहे, आणि तिला वेडेपणा म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही.

नागपूरच्या शाळासोबत्यांच्या व्हॉट्सअॅप गटावर मी ही बातमी टाकली, तेव्हा पहिलेच उत्तर आले, ‘‘खाल्ल्या मिठाला जागला नाही.’’ त्याच वर्षी एप्रिलमध्ये यशस्वी जैस्वालने मुंबई सोडून गोव्याकडून खेळण्यासाठी ना-हरकत प्रमाणपत्र मागितले, तेव्हाही गटावर हेच वाक्य आले होते. मुंबईने घडवले आणि हा गोव्याला चालला, मोठेपणाची हाव सुटली, कोणाशी तरी बिनसले असणार, अशी चर्चा चार दिवस रंगली. मे महिन्यात त्याने तो अर्ज मागे घेण्याची विनंती केली आणि तो मुंबईकडेच राहिला. आधीची विधाने मात्र गटावर कोणीही मागे घेतली नाहीत.

खाल्ल्या मिठाला जागणे हा आपल्याकडचा फार जुना आणि मोठा शब्द आहे, पण तो या प्रसंगाला लावणे मला पटत नाही. नागपूरच्या माणसाने तर तो अजिबात लावू नये, असे मला मनापासून वाटते. चंद्रकांत पंडित हे पक्के मुंबईकर. त्यांच्या मार्गदर्शनाखाली मुंबईने २०१५-१६ ची रणजी जिंकली. २०१७ मध्ये मुंबईने दुसरा प्रशिक्षक नेमला आणि पंडित विदर्भाकडे आले. १ जानेवारी २०१८ रोजी इंदूरच्या होळकर स्टेडियमवर दिल्लीला नऊ गडी राखून हरवून विदर्भाने पहिली रणजी जिंकली, तेव्हा इथे अजून पहाट व्हायची होती आणि मी अंधारात फोनवर धावफलक पाहत बसलो होतो. रजनीश गुरबानीची त्या सामन्यातली हॅटट्रिक आजही माझ्या डोळ्यांपुढे आहे, आणि ती मी पाहिली होती फक्त आकड्यांत. त्या संघात वसीम जाफरही होता, तोही मुंबईचाच. त्या दिवशी आमच्या गटावर कोणीही विचारले नाही की, या दोघांनी मुंबईच्या मिठाचे काय केले? पुढच्या वर्षी जामठ्याच्या मैदानावर सौराष्ट्राला हरवून विदर्भाने चषक राखला, तेव्हाही नाही.

पुढे २०२० मध्ये पंडित मध्य प्रदेशाकडे गेले. १९९९ मध्ये मध्य प्रदेशाचे कर्णधार म्हणून बंगळुरूत रणजीचा अंतिम सामना त्यांनी गमावला होता. २०२२ च्या जूनमध्ये त्याच मैदानावर त्यांच्या संघाने अंतिम सामना जिंकला, आणि तोही मुंबईविरुद्ध. मुंबईकर हळहळले, पण मुंबईच्या माणसाने मुंबईच्या पाठीत खंजीर खुपसला, असे माझ्या तरी कानावर आले नाही. आणि विदर्भ? २०२४-२५ मध्ये उस्मान घनी या घरच्याच प्रशिक्षकाच्या हाताखाली विदर्भाने केरळविरुद्ध तिसरी रणजी मिळवली. पंडितांनी नागपूरला जे दिले, ते त्यांच्याबरोबर मध्य प्रदेशात गेले नाही, याहून चांगली पावती मला तरी सुचत नाही.

हे लिहिताना एक गोष्ट मला मान्य करावी लागते. रणजीच्या सामन्याला आपल्याकडे स्टँड रिकामे असतात; प्रशिक्षक बदलला तर बहुतेकांना ते कळतही नाही. त्यामुळे आपल्या समंजसपणाची तुलना इथल्या चौसष्ट हजारांच्या आक्रोशाशी सरळसरळ करता येणार नाही. तरीही एक फरक शिल्लक राहतो आणि तोच मला महत्त्वाचा वाटतो: पंडितांनी संघ बदलले ते दोन हंगामांच्या मधल्या काळात. किफिन गेले ते हंगामाचा सर्वांत मोठा सामना समोर असताना.

मी स्वतः नागपूर सोडले, तेव्हा कार्यालयातले एक ज्येष्ठ सहकारी मला म्हणाले होते, ‘‘जा बाबा, पण हातातले काम अर्धे टाकून जाऊ नकोस.’’ मी तीन महिन्यांची मुदत दिली, आराखडे पूर्ण केले, फायली त्यांच्या टेबलावर ठेवल्या आणि मग निघालो. जाण्याबद्दल त्यांनी मला कधीही बोल लावला नाही. माणसाकडे एवढेच मागावे आणि हे मात्र नक्की मागावे, असे तेव्हापासून माझे मत आहे.

इथे ते मागणे अवघड झाले आहे, कारण वेळापत्रकच तसे आहे. शाळेतून येणाऱ्या खेळाडूंच्या सह्या डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात होतात आणि खेळाडूंना एका विद्यापीठातून दुसऱ्यात जाण्याची मुभा २ जानेवारीपासून मिळते. ज्या विद्यापीठाने ऑक्टोबरमध्ये प्रशिक्षक काढला, त्याला जानेवारीपर्यंत थांबायची सोय नसते. त्यामुळे जिंकणाऱ्या संघाचा प्रशिक्षक जिंकत असतानाच उचलला जातो. ब्रायन केली २०२१ मध्ये असेच नोत्र दाम विद्यापीठ सोडून एलएसयूला आले होते, तेव्हा नोत्र दामच्या बाद फेरीच्या आशा जिवंत होत्या. त्याच केलींना एलएसयूने २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये दहा वर्षांच्या कराराच्या चौथ्या हंगामात घरी पाठवले. पेन स्टेट विद्यापीठाने त्याच महिन्यात, अकरा वर्षांहून अधिक काळ पदावर असलेल्या जेम्स फ्रँकलिन यांना सलग तीन पराभवांनंतर काढले. तीन शनिवारांत अकरा वर्षे पुसून टाकणाऱ्या व्यवस्थेत निष्ठा फक्त प्रशिक्षकाकडून मागितली जाते, हे मला अन्यायाचे वाटते.

माझा राग वेगळ्या गोष्टीवर आहे, आणि तो त्या अंगणातल्या मोबाइलपाशी परत येतो. नोव्हेंबरच्या मध्यात किफिन यांचे कुटुंबीय फ्लोरिडा विद्यापीठाच्या गेन्सव्हिलला आणि एलएसयूच्या बॅटन रूजला जाऊन आल्याची बातमी पसरली. त्यानंतरचे जवळजवळ दोन आठवडे गावात विमानांच्या क्रमांकांखेरीज दुसरा विषय नव्हता. कोण कुठे उतरले, कोणाच्या मित्राने कोणाला हॉटेलात पाहिले, घर विकायला काढले की नाही! यातले काही खरे निघाले, बरेचसे खोटे. खरे निघालेल्यांनी स्वतःला जाणकार समजावे, असे त्यात काहीही नव्हते. पेन स्टेटची जागा रिकामी होताच त्याच विद्यापीठात शिकलेले नेब्रास्काचे प्रशिक्षक मॅट रूल तिकडे जाणार, हेही तितक्याच खात्रीने सांगितले जात होते, आणि ऑक्टोबरच्या अखेरीस त्यांनी नेब्रास्काशी २०३२ पर्यंतच्या करारावर सही केली.

अशा वेळी मोठ्यांनी गप्प बसणे हेच अफवेचे खत असते. २००६ च्या डिसेंबरमध्ये निक सेबन या नामवंत प्रशिक्षकांनी आपण अलाबामा विद्यापीठाचे प्रशिक्षक होणार नाही असे जाहीर सांगितले आणि दोन आठवड्यांच्या आत ते अलाबामाचे प्रशिक्षक झाले. तेव्हापासून इथे नकारावर कोणी विश्वास ठेवत नाही आणि मौनावरही नाही. आपल्याकडे जैस्वालच्या पाठोपाठ सूर्यकुमार यादवही गोव्याला निघाला अशी आवई उठली, तेव्हा त्याने स्वतः ती लगेच खोडून काढली आणि विषय तिथेच मिटला. इतके साधे काम इथले कोट्यवधी डॉलरवाले लोक करत नाहीत. ‘बोलणी चालू आहेत, निर्णय अमुक दिवशी सांगेन, आणि सर्वांत आधी माझ्या खेळाडूंना सांगेन,’ ही तीन वाक्ये एका पत्रकार परिषदेत मावतात. अठरा-एकोणीस वर्षांची मुले घर सोडून ज्या माणसाच्या शब्दावर इथे आली, त्यांना आपला प्रशिक्षक राहणार की जाणार हे विमानांच्या नकाशावरून शोधावे लागले, ही माझी तक्रार आहे. एलएसयूला जाणे ही माझी तक्रार नाही.

किफिन गेल्यावर बचावफळीचे प्रशिक्षक पीट गोल्डिंग यांच्याकडे संघ सोपवला गेला. २० डिसेंबरला ऑक्सफर्डमध्ये टुलेन विद्यापीठाविरुद्धचा बाद फेरीचा सामना झाला. मी ग्रोव्हमध्ये रांगेत उभा होतो; संघ आला, मुलांनी नेहमीप्रमाणे हात हातात घेतले, एकाने तर माझ्या हातातली कॉफी सांडवली आणि मागे वळून माफी मागितली. ओल मिसने तो सामना ४१-१० असा जिंकला. पुढच्या फेरीत जॉर्जियालाही हरवले.

२०२६ च्या सप्टेंबरमध्ये एलएसयूचा संघ किफिन यांच्यासह ऑक्सफर्डला खेळायला येणार आहे. गावात आतापासूनच त्या दिवसाच्या घोषणा ठरू लागल्या आहेत. शेजारचा मुलगा तेव्हा तिसऱ्या वर्षाला असेल आणि बँडसोबत मैदानात उभा असेल. त्याने मला विचारले की, तुम्ही त्या दिवशी काय करणार? मी सांगितले, नेहमीच्याच जागी उभा राहीन आणि आपल्या मुलांचे हात हातात घेईन.