संगणक चुकत नाही म्हणे!

सोलापूरच्या मावशीने घरच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला. तुमच्याकडेही आला असेल, कारण एव्हाना मला तो तीन ठिकाणांहून आलाय. वर तिरंगा, खाली जोडलेले हात आणि मध्ये हे मुद्दे: एस्टोनियात एआय न्यायाधीश निकाल देतो. अल्बानियात एआय मंत्री आल्यापासून भ्रष्टाचार शून्य. संगणक चुकत नाही, लाच घेत नाही, जात बघत नाही. यंत्राने लाखो बोगस लाभार्थी पकडले. जो खरा पात्र आहे त्याच्या केसालाही धक्का लागत नाही. सबब तलाठी, ग्रामसेवक, पुरवठा खात्यातले बाबू सगळे घरी पाठवा आणि कारभार एआयच्या हाती द्या. पटलं तर पुढे पाठवा.

मावशीला पटलं, तिने पाठवला. उभं आयुष्य विड्या वळून जिच्या बोटांच्या रेषा झिजल्या, ती ही मावशी. रेशन दुकानात पॉस मशीनवर तिचा अंगठा उमटत नाही. दुकानदार म्हणतो बोट पुसा, मग दुसरं बोट लावा, मग डावा हात द्या, आणि शेवटी "मावशी, सर्व्हर स्लो आहे, उद्या या." घरी येऊन ती बोल लावते तो स्वतःच्या बोटांना. आणि तीच मला पाठवते की संगणक चुकत नाही! नुसतं "फेक आहे" म्हणून सोडून देणार होते, पण ते तिला पटलं नसतं. म्हणून हे सविस्तर.

आधी परदेशातल्या गमती उरकून टाकू. एस्टोनियात एआय न्यायाधीश नाही. २०१९ मध्ये एका इंग्रजी मासिकातल्या लेखामुळे ही आवई उठली, की सात हजार युरोंपर्यंतचे किरकोळ दावे आता तिथे यंत्र निकालात काढणार. ती इतकी फिरली की २०२२ मध्ये त्या देशाच्या न्याय मंत्रालयाला, आम्ही असा न्यायाधीश बनवत नाही, असा जाहीर खुलासा करावा लागला. एस्टोनियात जे खरोखर आहे ते मात्र घेण्यासारखं आहे, पण ते फॉरवर्डमध्ये नाही. सरकारी खात्यांनी आपली माहिती कधी आणि कोणी उघडून पाहिली, हे तिथला नागरिक घरबसल्या बघू शकतो. आपल्याकडे स्वतःचं रेशनकार्ड का बंद पडलं हे कळायला तहसीलच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात.

अल्बानियात सप्टेंबर २०२५ मध्ये पंतप्रधान एडी रामा यांनी 'डिएला' नावाची संगणकी बाई मंत्री म्हणून पुढे आणली, हे खरं. सरकारी निविदा ती बघणार असं जाहीर झालं. पण राष्ट्राध्यक्षांच्या आदेशात ती उभी करायची आणि चालवायची जबाबदारी रामांच्याच गळ्यात आहे. पडद्यावरच्या बाईला जाब विचारता येत नाही, हे त्यांनाही माहीत आहे. भ्रष्टाचार शून्य झाला हे कोणी मोजलं, ते मेसेज लिहिणारालाच ठाऊक.

"संगणक चुकत नाही" याची किंमत इंग्लंडने मोजली आहे. तिथल्या पोस्टाने १९९९ पासून शाखांमध्ये होरायझन नावाची हिशेबाची प्रणाली बसवली. फुजित्सूने बनवलेली. तिच्यात दोष होते, नसलेली तूट ती दाखवायची. पोस्टमास्तर ओरडून सांगत होते की पैसे आम्ही घेतले नाहीत. पण तिथल्या न्यायालयात संगणक नीटच चालतो असं गृहीत धरलं जायचं. तो चुकला हे दाखवायचं ओझं आरोपीवर. नऊशेहून अधिक जणांना शिक्षा झाल्या. भारतीय वंशाच्या एका पोस्टमास्तर बाई २०१० मध्ये गरोदरपणात तुरुंगात गेल्या. २०१९ च्या निकालात न्यायमूर्ती फ्रेझर यांनी सुनावलं, की पोस्टाचा हा हेका म्हणजे एकविसाव्या शतकात पृथ्वी सपाट आहे म्हणण्यासारखा आहे. शेवटी २०२४ मध्ये खास कायदा करून त्या शिक्षा पुसाव्या लागल्या. आणि यात एआय कुठेच नव्हतं. साधी जमाखर्चाची वही होती, फक्त संगणकावरची.

आता खरा विषारी मुद्दा. "जो पात्र आहे त्याच्या केसालाही धक्का लागत नाही." डोकं फिरलं ते या वाक्याने, कारण ते वाचून माणूस शेजाऱ्याकडे बघतो आणि म्हणतो, तुझं नाव कटलं ना, म्हणजे तूच काहीतरी केलं असणार.

शेजारच्या तेलंगणात काय झालं ते बघा. तिथे सरकारने 'समग्र वेदिका' नावाची प्रणाली उभी केली. काम असं: वाहन नोंदणी, मालमत्ता, नोकरी, अशा निरनिराळ्या खात्यांच्या याद्या एकत्र करायच्या, नाव-पत्त्यावरून हा माणूस म्हणजे तोच का हे यंत्राने ताडायचं, आणि गाडी, घर, पगार दिसला की कार्ड रद्द. रिपोर्टर्स कलेक्टिव्हच्या पत्रकारांनी हे खणून काढलं आणि जानेवारी २०२४ मध्ये अल जझीराने ते छापलं. ज्याला खरंच वाचायचंय त्याने हे एवढंच वाचलं तरी पुरे. २०१४ ते २०१९ या काळात तेलंगणात १८ लाखांहून जास्त रेशनकार्डं रद्द झाली, १ लाख ४२ हजार नवे अर्ज फेटाळले गेले, आणि तेही नोटीस न देता.

त्यात हैदराबादच्या एका विधवेची गोष्ट आहे. नवरा रिक्षा ओढायचा, पुढे कॅन्सरने गेला. यंत्राच्या लेखी तो मोटारमालक. का? तर मोटार ज्याच्या नावावर होती त्याचं नाव याच्यासारखंच, मध्ये एक शब्द जास्त. दोन माणसं यंत्राने एक करून टाकली. बाई कार्यालयात गेल्या तर उत्तर काय, संगणकात गाडी दिसतेय. आता नसलेली गाडी नाही हे कसं सिद्ध करायचं? गाडी आहे याचं आरसी बुक असतं. नाही याचं कोणतं बुक असतं? पूर्वी कारकून अडवायचा तेव्हा निदान त्याला म्हणता यायचं, साहेब, चला, घर दाखवते, अंगणात गाडी उभी आहे का बघा. आता कारकूनही खांदे उडवतो. "माझ्या हातात काही नाही, सिस्टीमने केलंय." हे वाक्य आपल्याकडच्या किती कचेऱ्यांत ऐकलंय, सांगा.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. एप्रिल २०२२ मध्ये न्यायालयाने सांगितलं, २०१६ पासून रद्द केलेली सुमारे १९ लाख कार्डं माणसं पाठवून पुन्हा तपासा. फेरतपासणीसाठी आलेल्यांपैकी जे दोन लाखांवर अर्ज तपासून झाले, त्यांत पंधरा हजारांहून जास्त पात्र निघाले. म्हणजे साडेसात टक्के. शंभरातले सात-आठ, किरकोळ वाटतं ना? ते सात-आठ जण नेमके असे, ज्यांच्या घरात त्या धान्याशिवाय चूल पेटत नाही.

हरियाणा तर याच्याही पुढे. तिथल्या 'परिवार पहचान पत्र'च्या नोंदींवरून म्हाताऱ्यांची पेन्शन बंद केली गेली, अनेकांना थेट मयत दाखवून. रोहतकजवळच्या १०२ वर्षांच्या एका आजोबांनी सप्टेंबर २०२२ मध्ये वरात काढली, बँडबाजा लावून, गळ्यात नोटांचा हार घालून, "थारा फूफा अभी जिंदा है" (म्हणजे तुमचा फुफा, आत्याचा नवरा, अजून जिवंत आहे) असे फलक नाचवत. आपण हसलो, व्हिडिओ पुढे पाठवला. पण पुढच्या वर्षी हरियाणा सरकारनेच विधानसभेत आकडा दिला: या नोंदींवरून ६३,३५३ जणांची वृद्धापकाळ पेन्शन थांबवली होती, त्यांतले ४४,०५० पात्र निघाले. दहातले सात. पात्र माणसाच्या केसालाही धक्का लागत नाही, नाही का?

आणि हे हैदराबाद-रोहतकचं आहे, आपल्याला काय, असं कोणी म्हणू नये. नावांचा गोंधळ तर आपण पैजेवर घालू शकतो. बाईचं आधारवर माहेरचं नाव, बँकेत सासरचं, रेशनकार्डावर नावापुढे 'बाई' चिकटलेलं. विदर्भातला जाधव इंग्रजीत शेवटी 'ओ' लावतो, साताऱ्याचा 'व्ही'. जुन्या माणसांना जन्मतारीख माहीत नव्हती, म्हणून अख्ख्या गल्लीचा वाढदिवस १ जानेवारीला. असल्या याद्या एकमेकींवर ठेवून यंत्र ओळख पटवणार.

आता जे कबूल करायचं ते करते, नाइलाजाने. यंत्राने बोगस नावं सापडतात हे खोटं नाही. लाडकी बहीण योजनेतच जुलै २०२५ मध्ये सरकारने सांगितलं, की खात्यांच्या याद्या ताडल्यावर २६ लाख ३४ हजार लाभार्थींचा लाभ तूर्त थांबवलाय. त्या छाननीत १४ हजारांहून जास्त चक्क पुरुष निघाले. बहिणींच्या योजनेत! पण त्या पुरुषांना आत घेतलं कोणी? ऑनलाइन अर्जानेच ना? आणि डिजिटल सातबारा ही खरोखर सोय झाली. पंधरा रुपयांत, घरबसल्या, तलाठ्याच्या सही-शिक्क्याशिवाय चालणारा उतारा मिळतो, याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण उतारा देणं वेगळं आणि ताटातलं धान्य काढून घेणं वेगळं. उतारा नाही निघाला तर तुम्ही पुन्हा बटण दाबता.

"जात बघत नाही" वर फार लिहीत नाही. नेदरलँड्समध्ये मुलांच्या पाळणाघराच्या अनुदानात घोटाळेबाज हुडकणारी संगणकी पद्धत अर्जदार डच नागरिक आहे की नाही हे बघून संशयाचे गुण देत होती; हजारो कुटुंबं कर्जात बुडाली आणि त्या प्रकरणात जानेवारी २०२१ मध्ये अख्खं मंत्रिमंडळ पायउतार झालं. यंत्राला जे खायला घालाल तेच ते बघतं.

राहिला बाबूंना घरी पाठवायचा मुद्दा. मावशी, तुझ्या अंगठ्याचं बघ. केंद्राच्या अन्न खात्याने २४ ऑक्टोबर २०१७ लाच राज्यांना कळवलंय, की बोटाचा ठसा जुळला नाही म्हणून कोणाचं धान्य अडवायचं नाही. दुसरी ओळख बघून द्यायचं आणि वेगळ्या वहीत नोंद करायची. दुकानदार "उद्या या" म्हणाला की त्याला ती वही काढायला सांग. नाही काढली तर अन्न सुरक्षा कायद्याखाली प्रत्येक जिल्ह्याला तक्रार निवारण अधिकारी आहे, त्याच्याकडे लेखी दे आणि पोच घे. हा अधिकारी म्हणजे तुझ्या मेसेजमधला बाबूच. त्याला घरी पाठवलंस तर पोच कोण देणार?

आणि वर सांगितलेल्या दोन्ही राज्यांत चूक सापडली कशी? माणसांनी पुन्हा तपासून बघितलं तेव्हा. आपल्याकडे फेब्रुवारी २०२५ मध्ये लाडक्या बहिणींच्या घरी चारचाकी आहे का हे तपासायचं ठरलं, तेव्हा परिवहन खात्याची यादी हातात देऊन अंगणवाडी सेविकांना घरोघर पाठवलं होतं. तेलंगणात जे यंत्रावर सोडलं, ते इथे निदान त्या वेळी तरी माणसाने डोळ्यांनी बघितलं. त्या सेविकेला सरकार कर्मचारीसुद्धा मानत नाही, मानधन देतं, आणि शिव्या तिला दोन्हीकडून, नाव राहिलं तर शेजारणीच्या आणि कटलं तर बाईच्या. मेसेजमध्ये घरी पाठवायच्या लोकांची यादी एवढी लांबलचक आहे, तिच्यात ही कुठे बसते ते मावशीने मला सांगावं.