वाक्यातला कर्ता ओळखा

शाळेत 'वाक्यातला कर्ता ओळखा' हा प्रश्न मला हमखास मार्क मिळवून द्यायचा. नोकरीला लागलो आणि तोच प्रश्न अवघड झाला. आमच्या जुन्या साहेबांच्या मेलमध्ये कर्ता असणार की नाही, हे निकाल पाहून ठरायचं. काम फत्ते झालं, की "मी या प्रकल्पात जातीनं लक्ष घातलं." काम फसलं, की "काही त्रुटी राहून गेल्या." कुणाकडून? त्या आपल्या आपणच राहिल्या होत्या. प्रकरण फारच अंगाशी आलं तर कर्ता अचानक परत यायचा. फक्त तेव्हा तो मी असायचो आणि सीसीमध्ये अख्खं ऑफिस.

मी रात्री जागून प्रेझेंटेशन करावं आणि सकाळी ते साहेबांच्या नावानं पडद्यावर झळकावं, हा तर नेम होता. एकदा संचालकांनी मध्येच विचारलं, "हा आकडा कुठून आला?" साहेब माझ्याकडे वळून प्रेमळपणे म्हणाले, "हे सांगतील ना!" तक्ता त्यांचा होता, आकडा तेवढा माझा.

वरून आलेली बातमी ते मुरवत ठेवायचे. मुदत अलीकडे आल्याचं त्यांना सोमवारी कळायचं, आम्हाला शुक्रवारी संध्याकाळी, लिफ्टच्या दारात.

अशा माणसाच्या हाताखाली सगळे हुशार होतात, पण भलत्याच बाबतीत. शेजारच्या टेबलावरच्या बाई फाइल शेवटच्या घटकेपर्यंत दडवून ठेवायच्या. मी स्लाइडच्या कोपऱ्यात पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत स्वतःचं नाव टाकायचो, न जाणो कधी पुरावा लागला तर! आणि चूक झाली तर ती कुणी बोलायचंच नाही. त्यामुळे कागदोपत्री आमचा विभाग निष्कलंक होता.

या निष्कलंकपणाचा अर्थ मला फार उशिरा कळला. एमी एडमंडसन या अमेरिकन संशोधिकेनं रुग्णालयातल्या परिचारिकांच्या गटांचा अभ्यास करून १९९६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. चांगलं नेतृत्व असलेल्या गटांत औषधांच्या चुका कमी सापडतील, असा तिचा अंदाज होता. आकडे उलटेच निघाले. त्या गटांच्या नावावर चुका जास्त, कारण तिथे चूक सांगितली म्हणून कुणी अंगावर धावून येत नव्हतं. या हिशेबानं आमचा निष्कलंक विभाग तातडीनं अतिदक्षता कक्षात हलवायला हवा होता.

मग साहेबांची बदली झाली आणि मॅडम आल्या. पहिलंच काम फसलं आणि त्यांचा वर मेल गेला : "निर्णय माझा होता." आम्ही तो पुन्हा पुन्हा वाचला, यात नेमका डाव कुठे आहे ते शोधत. सापडला नाही, तेव्हा तर जास्तच घाबरलो.

असं लिहिणारी माणसं असतात, हे मी युद्धाच्या इतिहासात वाचलं होतं. दुसऱ्या महायुद्धात फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर दोस्त राष्ट्रांचं सैन्य उतरायच्या आदल्या दिवशी, ५ जून १९४४ ला, त्या सैन्याचे सरसेनापती जनरल आयझेनहॉवर यांनी मोहीम फसलीच तर जाहीर करायची चिठ्ठी पेन्सिलनं लिहून ठेवली. आधी लिहिलं होतं की सैन्य मागे घेण्यात आलं आहे. ते खोडून त्यांनी 'मी सैन्य मागे घेतलं आहे' असं केलं आणि दोष असेल तर तो माझा एकट्याचा, असंही लिहिलं. गडबडीत तारीख पडली ५ जुलै. तारीख चुकली, कर्ता नाही. आमच्या जुन्या साहेबांच्या तारखा मात्र मिनिटासकट अचूक असत. "मी आधीच कळवलं होतं" म्हणायला त्या लागतात.

पण मॅडमच्या उदारपणाचा त्रास वेगळाच आहे. त्या बैठकीच्या सुरुवातीलाच सांगतात, "हे काम यांचं आहे, प्रश्न यांनाच विचारा," आणि निवांत मागे टेकून बसतात. पहिल्या स्लाइडवर नाव माझं! इतकी वर्षं ज्यासाठी तडफडलो ते मिळालं आणि झोप उडाली. पूर्वी कशातही कुचराई झाली तरी "साहेबच तसे, आपण काय करणार?" एवढं म्हटलं की सुटका व्हायची. आता मॅडम विचारतात, "तुम्हाला काय वाटतं?" मला काहीतरी वाटायला हवं, ही जबाबदारी पगारात धरलेली नव्हती. दुपारच्या सुट्टीतली निंदासभाही बंद पडली. विषयच उरला नाही.

परवा वरिष्ठांच्या मूल्यमापनाचा फॉर्म आला. नाव गुप्त राहील, अशी त्यात हमी होती. साहेबांच्या काळात त्या हमीवर कुणाचाच विश्वास नसल्यामुळे सगळे पैकीच्या पैकी गुण देऊन मोकळे व्हायचे. या वेळी बऱ्याच तक्रारी गेल्या. मॅडमनी त्या सगळ्यांसमोर वाचल्या आणि विचारलं, "बैठका फार लांबतात, असं कुणी लिहिलंय?" निम्म्याहून अधिक हात वर झाले. मग त्यावर चर्चा सुरू झाली, ती पाऊण तास चालली.