पुस्तकांची बेगमी कशी करावी

मिरगाच्या आधी आपल्याकडे आगोटीची तयारी करतात. सुकी मासळी, मिरच्या, आमसुलं, पापड, पडवीत रचलेली लाकडं. हल्ली या बेगमीत पुस्तकांची भर पडली आहे. नवीन माणसाला यातलं काही कळत नाही, म्हणून हे चार शब्द.

आधी आवड ठरवून घ्या. वाचायच्या आधी ठरवलेली बरी, नंतर घोटाळे होतात. ओटीवर चार माणसं जमली आणि पुस्तकांवर गाडी आली की आपण पहिल्यांदा म्हणायचं, "मला हलकंफुलकं चालत नाही हो." पुढे कोणी काही विचारत नाही. कविता आवडते असं सांगायचं असेल तर मालगुंडला केशवसुतांच्या घरासमोर एक फोटो काढून या. गणपतीपुळ्याहून जवळच आहे, देव आणि कवी एकाच रिक्षात उरकतात.

दिवाळी अंकांच्या गठ्ठ्याची दोरी सोडू नये. 1909 पासून निघताहेत, अजून थोडं थांबतील.

आपल्याकडे किती पुस्तकं वाचायची राहिलीत हे कण्हत सांगावं, पण आकडा नीट ऐकू जाईल अशा बेतानं. मधुमेह आणि न वाचलेली पुस्तकं या दोन गोष्टी मोठ्या घरच्याच असतात.

रास रचावी ती जमिनीवर, पश्चिमेच्या भिंतीला टेकवून. आपल्या पट्ट्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, जांभ्याची भिंत त्यातला आपला वाटा पिते आणि उरलेला शेजाऱ्याला देते. शेजारी म्हणजे पुस्तक. कपाटाला पाय हवेत, भिंतीपासून वीतभर जागा हवी, पाऊस सरला की पुस्तकांना वारा द्यावा, हे सगळे जुन्या लोकांचे चोचले. श्रावणापर्यंत पानाला पान चिकटतं. मग पुस्तक उघडतच नाही, आणि उघडत नाही म्हटल्यावर वाचलं नाही असा ठपका कोण ठेवणार?

आता सगळ्यांत महत्त्वाचं. मागून आणलेलं पुस्तक नेहमी राशीच्या तळाशी घालावं. आपली विकतची वर, कारण ती येणाऱ्याजाणाऱ्याला दिसायला हवीत. मागून आणलेल्याला काय, त्याला घरी परत जायचंय कुठे?

आमच्या शेजारच्या भाऊजींनी हे शास्त्र पूर्ण आत्मसात केलंय. दोन वर्षांपूर्वी गणपतीत आरतीला आले, कपाटासमोर उभे राहिले आणि माझ्या वडिलांचं एक प्रवासवर्णन घेऊन गेले. दोन्ही भाग. 1962 सालची प्रत, किंमत पाच रुपये, आतल्या पानावर बाबांची सही आणि खाली तारीख. बाइंडरनं खळीत मोरचूद घालून बांधलेलं, म्हणून इतकी वर्षं त्याला कसर शिवली नव्हती. मी चारदा विचारलं. चारही वेळा उत्तर एकच, "वाचायचंय वहिनी, नंबर लागायचाय अजून."

नंबर! रेशनच्या दुकानात लागतो तो नंबर!

गेल्या आठवड्यात मीच गेले. भाऊजी फोनवर कोणाला तरी सांगत होते, यंदाच्या प्रदर्शनातून अठरा आणली म्हणून. मी खाली बसून रास उपसायला घेतली. वरची अजून प्लास्टिकमध्ये. मधली ओलसर, हाताला कुबट वास. सगळ्यांत खाली पहिला भाग, आणि भिंतीच्या कोपऱ्यातून त्याच्यापर्यंत आलेली वाळवीची मातीची रेघ, करंगळीएवढी जाड. पुठ्ठा उचलला तर तेवढाच हातात आला. आत पानांच्या जागी भुसा. सहीतला 'बा' शिल्लक होता. भाऊजी म्हणाले, "अरेरे. पण वाचायचं होतं हो खरंच."

नाही भाऊजी. वाचायचं नव्हतं. वाचायचं असतं तर दोन वर्षांत एकदा तरी उघडलं असतंत, आणि उघडलं असतंत तर वाळवी दिसली असती. आणि तुम्ही एकटे नाही, हे वाचून गालात हसणारे बाकीचेही ऐका. रत्नागिरीचं नगर वाचनालय 1828 सालचं आहे. आपल्याच पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्रींनी 'दर्पण' काढलं ते 1832 साली. म्हणजे मराठीत वर्तमानपत्र निघायच्या आधी इथे वाचनालय उभं होतं. तिथली वर्गणी भरायला तुम्हाला जड जातं, आणि प्रदर्शनात पिशव्या भरताना हात आखडत नाही? पुस्तक घेतलंत तर वाचा. वाचवत नसेल तर वाचणाऱ्याला द्या. आमच्या वाडीतली दहावीची पोरगी मिळेल ते वाचते, वाण्याच्या पुडीचा कागदसुद्धा. तिला एक पुस्तक दिलंत कधी? आणि दुसऱ्याचं असेल तर परत करा, त्याला कसली आलीय आवडनिवड!

दुसरा भाग अजून तुमच्याकडे आहे. "असेल कुठेतरी" म्हणालात. रविवारी सकाळी मी येतेय, त्या पोरीला घेऊन. चहा टाकू नका. तेवढी ती रास भिंतीपासून ओढून ठेवा.