फसलो की गंडलो?

अक्षय तृतीयेच्या आदल्या दिवशी पुलाखाली टेम्पो लावलेल्या एका पोराकडून देवगड हापूसची पेटी घेतली, 4 डझन, 2800 रुपये, आणि 3500 वरून खाली आणली म्हणून घर येईपर्यंत गाडीवर शीळ घालत होतो. वरचा थर बघून आईनेसुद्धा मान डोलावली. मग बायकोने गवत उपसून तळाचा पेपर बाहेर काढला. पेपर कन्नड.

"देवगडला हा पेपर येतो का हो?" एवढंच म्हणाली.

आता माझं म्हणणं असं की माझी फसवणूक झालीये. किती भारदस्त शब्द आहे बघा, त्यात कुठेतरी एक फसवणारा असतो, तो नालायक असतो आणि आपण सज्जन. पण घरात हा शब्द वापरायला कुणी तयारच नाही! आई म्हणे, टोपी घातली तुला. कार्टं म्हणे, पप्पा पोपट झाला तुमचा. शेजारचे काका रिटायर्ड पोलीस, ते आंब्याच्या वासावर आलेच होते, म्हणाले सरळ चारसोबीस आहे ही. मग स्वतःच थांबले, कारण 1 जुलै 2024 पासून नवीन कायदा आला आणि त्यात हे कलम 318 झालंय, 420 नंबरचं कलमच नाही, मुळात कलमंच 358. दीडशे वर्षं जुनी शिवी गेली ना राव, आता कुणाला "तीनशे अठरा" म्हटलं तर तो पिनकोड समजेल.

आणि बायको म्हणाली, "गंडलात तुम्ही."

हा शब्द फार वाईट. गंडा म्हणजे खरं तर गुरू शिष्याच्या मनगटाला बांधतो तो धागा, बांधला तर शिष्य, घातला तर गिऱ्हाईक. पण निदान गंडा घातला म्हटलं तर घालणारा कुणीतरी असतो, गंडलो म्हटलं की तो टेम्पोवाला वाक्यातून टेम्पोसकट गायब, उरलो मी एकटा. शिवाय हल्ली नेट गंडतं, मिक्सर गंडतो, वायफाय गंडतं, त्याच लायनीत मी. मी म्हटलं अगं 2018 ला हापूसला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर एवढेच जिल्हे, म्हणजे बाहेरचा आंबा देवगड म्हणून विकणं हा गुन्हा त्याचा आहे, माझा नाही! तर म्हणे, एवढं माहिती होतं मग पेटी उपसून का नाही बघितली?

रस मात्र झकास झाला, काकांनी तीन वाट्या ओढल्या. जेवणं झाल्यावर बायकोचा तिच्या आईला फोन, मी बेसिनपाशी हात धूत होतो.

"अगं नाही गं, कुणी फसवलं वगैरे नाही, हे गंडलेत."

आदरार्थी बहुवचन तेवढं सांभाळलं तिने.