‘ताण कामात नसतो, मनात असतो’ : एका संदेशाचा प्रतिवाद

समाजकार्य क्षेत्रातील गटांवर सध्या एक संदेश फिरतो आहे. त्यातील दावे असे : समाजकार्यकर्त्याचा ताण कामात नसून मनात असतो, रोज 10 मिनिटे श्वासावर लक्ष ठेवले की तो निवळतो आणि मनाला उभारी येते, हे विज्ञानाने सिद्ध केले आहे, आणि यात अपाय तर मुळीच नाही. अशा सजगतेच्या (माइंडफुलनेस) सरावाला माझा विरोध नाही. गृहभेटीआधी मीही दाराबाहेर क्षणभर थांबून श्वास सावरतो. हरकत आहे ती या दाव्यांना.

विज्ञानाचे आधी पाहू. जॉन कबाट-झिन यांनी 1979 मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात सुरू केलेला सजगतेचा मूळ कार्यक्रम 8 आठवड्यांचा आहे आणि त्यात घरी रोज सुमारे 45 मिनिटांचा सराव अपेक्षित असतो. त्याच्या निष्कर्षांच्या जोरावर 10 मिनिटांची हमी देता येत नाही. ‘जामा इंटर्नल मेडिसिन’ या वैद्यकीय नियतकालिकात 2014 साली ध्यानाच्या 47 चाचण्यांचा आढावा प्रसिद्ध झाला. चिंता आणि नैराश्य माफक प्रमाणात कमी होते, असे त्यात आढळले. पण व्यायाम, औषधे किंवा अन्य उपचारांपेक्षा ध्यान सरस असल्याचा पुरावा मिळाला नाही. ब्रिटनमधील 233 संस्थांतल्या 46,336 कर्मचाऱ्यांच्या माहितीवर आधारलेला 2024 चा अभ्यास आपल्या अधिक जवळचा आहे. सजगता किंवा मनाच्या उभारीचे प्रशिक्षण घेतलेले कर्मचारी ते न घेतलेल्यांपेक्षा बऱ्या स्थितीत असल्याचे त्यात दिसले नाही. ही पाहणी एका वेळची असल्याने तिच्यावरून कार्यकारणभाव ठामपणे सांगता येत नाही, हे मान्य. तरी ‘सिद्ध झाले आहे’ म्हणण्याइतका आधार तिथेही सापडत नाही.

ताण केवळ मनात असतो, हा दावा मला सर्वांत खटकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात ‘बर्नआउट’ची, म्हणजे कामाने पार थकून जाण्याची, व्याख्याच कामाच्या ठिकाणी दीर्घकाळ टिकून राहिलेल्या आणि नीट न हाताळल्या गेलेल्या ताणाशी बांधलेली आहे. बाल न्याय कायदा, 2015 नुसार काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकाचा सामाजिक तपास, म्हणजे त्याच्या घरच्या परिस्थितीची चौकशी, 15 दिवसांत पूर्ण करायचा असतो. एकाच कार्यकर्तीच्या हाती अशा अनेक केसेस असतील, गृहभेटीला वाहन नसेल, करार 11 महिन्यांचा असेल आणि मानधनही रखडलेले असेल, तर तिची झोप कशाने उडाली हे शोधायला डोळे मिटण्याची गरज नाही. मुलाला कुठे ठेवणे योग्य ते कळते, पण तिथे जागा नसते. या घुसमटीला मनाची दुर्बलता म्हणणे अन्यायाचे आहे.

अपाय नाही, हेही खरे नाही. इगतपुरीच्या 10 दिवसांच्या विपश्यना शिबिराच्या अर्जातसुद्धा मानसिक आजाराची माहिती विचारतात, ती उगाच नव्हे. दिवसभर अत्याचाराच्या हकिकती ऐकलेल्या माणसाने डोळे मिटले की कधीकधी त्याच हकिकती समोर येतात. अशा वेळी ‘सराव कमी पडतो’ असे सांगणारा प्रशिक्षक उपयोगाचा नसतो.

खरा आधार कशाचा, हे आपण सगळे विद्यार्थीदशेत अनुभवलेले आहे. एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्यातील पदव्युत्तर पदवी) क्षेत्रकार्यात पर्यवेक्षकांबरोबर नियमित ‘आयसी’ (इंडिव्हिज्युअल कॉन्फरन्स, म्हणजे एकट्याने समोरासमोर चर्चा) होत असे : अहवाल समोर ठेवायचा, काय चुकले ते बोलायचे, आणि कधी रडायचेही. नोकरी लागली की ती व्यवस्था बहुतेक ठिकाणी संपते, आणि पर्यवेक्षण म्हणजे आकडे मागणारा फोन एवढेच उरते. आठवड्याला एक तास अनुभवी व्यक्तीशी केसवर बोलणे आणि प्रत्येकाकडील केसेसना मर्यादा घालणे, या दोन गोष्टी संस्थांनी आधी कराव्यात. त्यानंतर ज्याला हवे त्याच्यासाठी सजगतेचे वर्गही अवश्य घ्यावेत. फक्त ते कामाच्या वेळेत असावेत, रविवारी सक्तीने बोलावून नव्हे.