चित्रपट महोत्सवाला जाताय? शाल बरोबर घ्या

राष्ट्रीय विचारांच्या चित्रपट महोत्सवाचं आमंत्रण तुमच्या व्हॉट्सॲपवर आलं असेल, तर अभिनंदन. प्रवेश विनामूल्य, चहा-अल्पोपाहार आहे आणि संस्कृतीचं रक्षण एसीत बसून करायचं आहे. परवाच पणजीतला असा एक महोत्सव उरकून आलोय. ताज्या अनुभवाचे चार शब्द ऐकून घ्या.

पत्रिकेवर ‘सकाळी ठीक १० वाजता’ छापलं असेल तर फोंड्याहून अकराला निघा. दीपप्रज्वलन चुकायचं नाही. पुलावर अडकलात तरी नाही.

पुढच्या तीन रांगांत बसू नका, त्या राखीव असतात. शेवटपर्यंत रिकाम्या असतात, पण राखीव असतात.

इतिहास घरी ठेवून या. दिल्लीहून आलेले पाहुणे माईकवर म्हणतील, ‘सत्तेचाळीस साली तुमच्या या भूमीवर तिरंगा फडकला.’ लगेच टाळ्या वाजवा. शेजारचे आजोबाही वाजवत असतात. त्यांचा जन्मदाखला पोर्तुगिजांच्या सहीशिक्क्याचा, आणि त्याच दाखल्यावर नातवाच्या पोर्तुगीज पासपोर्टचं काम चालू. पण गोवा मुक्त झाला ती १९ डिसेंबर १९६१ ही तारीख पाहुण्यांना सांगायला कोण उठणार? आपल्याकडे पाहुण्याला खजील करत नाहीत.

जेवणाच्या सुट्टीत मांडवीकडे बघू नका. आत पाश्चात्त्य संस्कृतीच्या आक्रमणावर परिसंवाद झालेला असतो आणि बाहेर नदीत कॅसिनोच्या बोटी उभ्या असतात. वक्त्यांना मुंबईतल्या वेब सिरीजमधली शिवी ऐकू येते, या बोटी दिसत नाहीत. धुकं असतं हो. बारमाही.

प्रश्नोत्तरांत प्रश्न विचारू नका. मी एका दिग्दर्शकाला विचारलं, लढाईच्या प्रसंगात पार्श्वसंगीत इतकं मोठं का ठेवलं? सूत्रसंचालकाने मलाच विचारलं, ‘आपण कुठल्या संघटनेकडून आलात?’

आणि सर्वांत महत्त्वाचं: चित्रपट बघायच्या इराद्याने जाऊ नका. दुसऱ्या दिवशी दुपारी मी तो वेडेपणा केला. सत्तरी तालुक्यातल्या एका तरुणाने, घरचे पैसे घालून, मुक्तिलढ्यातल्या सशस्त्र पोरांवर चित्रपट केला होता. चांगला केला होता. रात्र, पाऊस, पोलीस चौकीबाहेर गवतात पडून राहिलेली चार मुलं, आणि कोणी भाषण करत नाही. सभागृहात मोबाइलसुद्धा वाजत नव्हता, म्हणजे बघा. पहिली गोळी सुटली आणि दिवे लागले.

मान्यवर आले होते. अडीच तास उशिरा.

पडद्यावर तो मुलगा तोंड उघडं ठेवून गोठला. त्याच्यासमोर शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह. मग ज्यांनी शाल दिली त्यांना शाल. मग जे राहिले त्यांना पुष्पगुच्छ, आणि ‘अनवधानाने नाव घ्यायचं राहिलं’ म्हणून आणखी एक शाल. मग मान्यवर बोलायला उभे राहिले आणि पाऊण तास बोलले. विषय काय? ‘आपला खरा इतिहास दाबला गेला, आपल्या वीरांच्या कथा पडद्यावर येऊच दिल्या नाहीत.’ मागे पडद्यावर वीर तसाच, तोंड उघडं. एकालाही हसू फुटलं नाही. भाषण संपलं, मान्यवर निघाले, सेल्फीसाठी अर्धं सभागृह त्यांच्यामागे गेलं आणि घोषणा झाली: ‘वेळेअभावी आपण पुढच्या सत्राकडे वळतोय.’

तो तरुण दाराजवळ उभा होता. त्याला शाल मिळाली नाही, आणि त्याच्या चौकीचं काय झालं ते आम्हाला कळलं नाही.

आमच्या देवळातल्या जत्रेच्या नाटकातही सत्कार असतात. चिक्कार असतात, देणगीदारांची यादी संपता संपत नाही. पण ते दोन अंकांच्या मध्ये करतात. प्रवेश चालू असताना रंगमंचावर नारळ घेऊन चढायची देवस्थानच्या अध्यक्षाचीही छाती नाही, लोक खाली उतरवतील.

आता आयोजकांशी सरळच बोलतो. दाबला गेला म्हणता, कोणी दाबला? त्या दुपारी रिमोट कोणाच्या हातात होता? २०२२ साली इफ्फीच्या, म्हणजे गोव्यात भरणाऱ्या भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या समारोपात ज्युरींचे प्रमुख नादाव लापिड ‘द काश्मीर फाइल्स’ला प्रचारकी आणि हिणकस म्हणाले, तेव्हा चित्रपटाचा अपमान झाला म्हणून तुम्हीच ओरडत होता ना? त्या माणसाने निदान चित्रपट शेवटपर्यंत पाहिला होता. गोवा मुक्तिलढ्यातले मोहन रानडे बेतीच्या पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात गोळ्या लागून पकडले गेले ते १९५५ साली, आणि पोर्तुगालच्या तुरुंगातून सुटले १९६९ साली. गोवा मुक्त होऊनही सात वर्षं तो माणूस आत होता. असल्या माणसांची गोष्ट तुम्ही नारळ द्यायला थांबवता? परंपरेवर चित्रपट करायला तुम्हाला कोणी अडवलंय? दामले-फत्तेलालांनी १९३६ साली ‘संत तुकाराम’ केला, अभंगांसकट, आणि पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. त्यांनी आधी चित्रपट नीट केला होता. तुम्हाला दुसऱ्याने नीट केलेला दाखवताही येत नाही.

इफ्फी २००४ पासून इथे आहे. आम्ही गोंयकार रांगेत उभे राहून, जागा नसली तर पायऱ्यांवर बसून चित्रपट बघायला शिकलोय. आम्हाला खुर्च्या भरायला बोलावू नका. त्या तरुणाला फोन करा, माफी मागा आणि चित्रपट पुन्हा लावा, पहिल्यापासून. मान्यवरांना यायचं असेल तर वेळेवर या म्हणावं. उशीर झाला तर दिवे लागणार नाहीत, अंधारात चाचपडत मागे जाऊन बसा.